शहरातल्या जुन्या बागा आणि उघड्या वास्तू नीट कशा पहाव्यात?

पाटवाट

जुनी बाग बघायला गेलं की पाय आधी फुलांकडे वळतात, आणि तिथेच गडबड होते. लागवड शंभरेक वर्षांत पार बदलून जाते, पाण्याची वाट मात्र सहसा जागची हलत नाही. म्हणून बाग पाण्याच्या बाजूने बघायला घ्यावी: पाणी येतं कुठून, वर चढतं कसं आणि शेवटी जातं कुठे. एवढं सापडलं की ओटे इथेच का, वाट जमिनीपेक्षा उंच का, हे वेगळं विचारावं लागत नाही.

ताजमहालची कारंजी घ्या. यमुनेचं पाणी मोटांनी उचलून टाक्यांमध्ये चढवायचे आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी बागेत सोडायचे. एकाच नळावर ओळीने कारंजी जोडली की पहिलं जोरात उडतं आणि शेवटचं नुसतं ठिबकतं. त्यावरची तोड साधी आहे. नळ थेट कारंज्याला न जोडता प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचं भांडं बसवलं. आधी सगळी भांडी भरतात, मग सगळ्या कारंज्यांत पाणी बरोबरीने चढतं.

दुसरं उदाहरण उच्छ्वासांचं. कात्रजहून शनिवारवाड्याकडे आलेल्या पेशवेकालीन नळावर हे दगडी उच्छ्वास आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या मलिक अंबराच्या नहरीवर असेच मनोरे आहेत, तिथे त्यांना बंब म्हणतात. बंद नळ चढउतारावरून गेला की उंचवट्याच्या जागी हवा कोंडते आणि पाणी अडतं. उच्छ्वासातून ती हवा बाहेर पडते. शहरात रस्त्याच्या कडेला एकटाच, कशालाही न जोडलेला जुना दगडी खांब किंवा मनोरा दिसला तर त्याला स्मारक समजण्याआधी त्याच रेषेत पुढे दुसरा दिसतो का बघा. दिसला तर पायाखालून नळ गेला आहे असं धरून चाला.

जागेवर गेल्यावर काय करायचं:

आधी बागेतला सगळ्यात उंच कोपरा गाठा. टाकी किंवा विहीर बहुधा तिथेच असते. तिथून पाटाच्या कडेने उताराच्या दिशेने उतरा. वाहत्या पाटात वाळलेलं पान कुठे जातं ते बघितलं की उतार कळतो, डोळ्याला जमीन सपाट वाटत असली तरी. पाट कोरडा असेल तर कडेच्या दगडावर क्षारांची पांढरी रेघ शोधा, पाण्याची जुनी पातळी तीच. पाटाच्या टप्प्यावर खवल्यांसारखं कोरलेला तिरपा दगड दिसला तर ती चादर. गुळगुळीत दगडावरून पाणी काचेसारखं पारदर्शक घसरतं आणि दिसतच नाही. खवल्यांवर ते फुटतं, फेसाळतं आणि लांबूनही दिसतं. काही ठिकाणी धबधब्यामागच्या भिंतीत ओळीने कोनाडे असतात, त्यांना चिनीखाना म्हणतात. दिवसा त्यांत फुलं, रात्री दिवे. पाणी बंद असलं की लोक त्यांना कबुतरांचे खुराडे समजून पुढे जातात.

कोरडा हौद

पाण्यापासून सुरुवात करायची हे पटलं, पण एक पुस्ती. पाणी *चालू असताना* जाण्याचं बघा. इटलीत तिवोलीच्या व्हिला द एस्ते या बागेतली कारंजी नदीच्या उंचीच्या जोरावर चालतात, बांधली तेव्हा पंप नव्हतेच. फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्याच्या बागेची गत उलटी. तिथली जमीन पाण्याच्या वर, कारंजी बेसुमार. सीन नदीचं पाणी चढवायला मार्लीला १६८४मध्ये १४ प्रचंड चाकांचं यंत्र उभारलं, तरी पुरेना. मग राजा जवळ आला की त्या भागातली कारंजी सुरू करायची आणि तो पुढे गेला की बंद. अजूनही तिथे मोठी कारंजी ठरावीक दिवशीच चालतात.

तेव्हा निघण्याआधी तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: फाटक कधी बंद होतं, शेवटचा प्रवेश कधी आणि कारंजी कधी चालू. पहिल्या दोनमध्ये बऱ्याच ठिकाणी अर्ध्या ते एक तासाचा फरक असतो. ‘सूर्यास्ताला बंद’ असं लिहिलेलं असेल तर जुनी माहिती वापरू नका, ती वेळ ऋतूप्रमाणे सरकते.

नकाशेवाला

फोनवरच्या नकाशाबद्दल लिहितो, कारण मोठ्या बागांमध्ये तो हमखास फसवतो. बागेचं नाव टाकलं की खूण बागेच्या मधोमध पडते. मग वाट त्या खुणेच्या जवळच्या रस्त्यावर आणून सोडते, आणि तिथे असते भिंत. फाटक राहतं पार पलीकडच्या अंगाला. उपाय: बागेच्या नावाने शोधू नका, *फाटकाच्या* नावाने किंवा क्रमांकाने शोधा. ते मिळालं नाही तर उपग्रहचित्र मोठं करा आणि रस्त्यापासून आत जाणारी वाट जिथे भिंत छेदते त्या बिंदूवर स्वतः खूण टोचा. दाट झाडीत आणि उंच भिंतीच्या कुशीत आपला ठिपका काही मीटर इकडेतिकडे उड्या मारतो, तिथे फाट्यावर वळताना ठिपक्यापेक्षा वाटेच्या आकारावर भरवसा ठेवा.

आता अंतर. १ हेक्टर म्हणजे १०० मीटर गुणिले १०० मीटर. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क सुमारे ३४१ हेक्टर, साधारण ४ किलोमीटर लांब आणि ०.८ रुंद. नुसती कडेने फेरी मारायची तरी साडेनऊ किलोमीटरच्या वर. रमतगमत बघत चालणाऱ्याचा वेग ताशी २ किलोमीटरच्या आसपास धरा, थांबे धरून त्याहून कमी. म्हणजे निव्वळ फेरीलाच पाच तास. १०० हेक्टरच्या पुढे बाग गेली की ‘पूर्ण बघायची’ हा हट्ट सोडावा आणि एक पट्टा निवडावा.

सेंट्रल पार्कात वाट चुकली तर दिव्याचा खांब शोधा. खांबावर आकडे असतात. सुरुवातीचे आकडे जवळच्या आडव्या रस्त्याचा क्रमांक सांगतात आणि शेवटचा आकडा बाजू: सम असेल तर पूर्व, विषम असेल तर पश्चिम. आणि त्या बागेतून शहराची वाहतूक आरपार जाते तरी दिसत नाही, कारण ओल्मस्टेड आणि वॉ यांनी १८५८च्या आराखड्यातच ते चार आडवे रस्ते खाली चरात घातले. पुलासारखं काही ओलांडताय असं वाटलं की कठड्यावरून खाली बघा.

चारबागेत, म्हणजे चार चौकोनांत विभागलेल्या मुघल धर्तीच्या बागेत, एक छोटा खेळ करा. चारही चौकोन जिथे मिळतात त्या मध्यबिंदूवर जाऊन उभे रहा आणि तिथे काय आहे ते बघा. हुमायूनच्या मकबऱ्यात तिथे कबरीची इमारत आहे. ताजमध्ये तिथे हौद आहे, इमारत पार टोकाला नदीकाठी. नदीपलीकडची मेहताब बाग नकाशावर एकाच रेषेत धरली की मग ताज मधोमध येतो.

बाळबोध

छान धागा. एक प्रश्न: जयपूरच्या जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र (तिथलं भलंमोठं दगडी सूर्यघड्याळ) दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ दाखवतं म्हणतात, पण मनगटावरच्या घड्याळाशी कधीच जुळत नाही. झिजलं आहे का?

उलटी सावली

@बाळबोध, यंत्र बरोबर आहे, तुलना चुकते आहे. सम्राट यंत्र *जयपूरची* सूर्यवेळ दाखवतं, घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ. जयपूर सुमारे ७५.८ अंशांवर. फरक ६.७ अंश, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सुमारे २७ मिनिटं. यंत्र तेवढं मागे असणारच.

पण २७ मिळवूनही जमत नाही, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेला. त्यामुळे सूर्य वर्षभरात कधी ‘पुढे’ धावतो, कधी ‘मागे’ पडतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सुमारे १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १४ मिनिटं मागे. म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीला यंत्रात मिळवायची २७ वजा १६ म्हणजे ११ मिनिटं, आणि फेब्रुवारीच्या मध्याला २७ अधिक १४ म्हणजे ४१. वर्षातून चारदा, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये, ही दुसरी दुरुस्ती जवळजवळ शून्य होते. त्या दिवसांत सरळ २७ मिळवा.

वाचायचं कसं: सकाळी सावली पश्चिमेकडच्या कमानीवर पडते, दुपारनंतर पूर्वेकडच्या. मधली तिरपी भिंत जमिनीशी २७ अंशांचा कोन करते, जयपूरचा अक्षांश तोच. सावली मिनिटाला साधारण ६ सेंटिमीटर सरकते, नुसतं उभं राहिलं तरी डोळ्यांदेखत हलताना दिसते. अडचण सावलीच्या कडेची. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची चकती आहे, म्हणून कड धुरकट पडते, काही सेंटिमीटर रुंद. त्या धुरकट पट्ट्यात दोऱ्याची किंवा काडीची सावली पाडा आणि ती जिथे विरून जाते तिथे रेघ धरा. बोटाने अंदाज घेतला तर अर्धं मिनिट सहज इकडेतिकडे.

ढग आले तर सगळं मुसळ केरात. तेव्हा ती जागा दिवसाच्या शेवटी ठेवू नका.

दगडफूल

शिलालेख आणि झिजलेल्या कोरीवकामाबद्दल. ‘सकाळी लवकर जा’ हा सल्ला सरसकट चालत नाही. अक्षर दिसतं ते तिरप्या उन्हात, आणि ऊन तिरपं कधी पडेल ते भिंत कुठल्या दिशेला तोंड करून आहे त्यावर. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीवर सूर्योदयाचं ऊन थेट समोरून आदळतं आणि सगळं सपाट दिसतं. तिला दुपार होण्याच्या जरा आधी गाठा, तेव्हा ऊन भिंतीला घासून जातं. पश्चिमेच्या भिंतीला दुपार नुकती कलल्यावर. उत्तरेकडच्या भिंतीवर आपल्या गोलार्धात ऊन मुळात उन्हाळ्याच्या महिन्यांत, तेही बहुधा सकाळी लवकर आणि संध्याकाळी, त्यामुळे तिथे विजेरी लागतेच.

विजेरीचं तंत्र: फोनचा प्रकाश समोरून मारू नका. भिंतीपासून दीडदोन फूट बाजूला धरा, किरण दगडाला जवळजवळ घासत गेला पाहिजे, दहा-पंधरा अंशांच्या आत. फोटो चार काढा: प्रकाश डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. एका फोटोत जी आडवी रेघ हरवते ती दुसऱ्यात दिसते. देवनागरीत शिरोरेघ वरच्या-खालच्या प्रकाशातच खुलते, काने बाजूच्या प्रकाशात.

अक्षरात खडू, पीठ, राख भरणं, तेल किंवा पाणी लावणं बंद. खडू छिद्रांत अडकून राहतो, तेलावर धूळ चिकटते आणि दगड काळा पडतो. कागद ठेवून पेन्सिलीने घासणंसुद्धा मऊ आणि पापुद्रे सुटलेल्या दगडावर नको.

विहिरी-बारवा: पायऱ्यांची उंची एकसारखी नसते, पाय सवयीने पडतो आणि चुकतो. उतरताना एक हात भिंतीला ठेवा, कॅमेरा गळ्यात नको, पिशवीत. शेवाळ बहुधा कायम सावलीच्या बाजूला असतं, तेव्हा उन्हातल्या बाजूने उतरा. पाटणची राणी की वाव ६४ मीटर लांब आणि सुमारे २७ मीटर खोल आहे. वर कडक ऊन आणि खाली गारवा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला मिनिटभर थांबून मगच पुढचा टप्पा.

आणि एक गंमत, कोरड्या उन्हाळ्यात हिरवळीकडे बघायची. जमिनीखाली जुनी भिंत किंवा फरसबंद वाट असेल तर तिच्यावर माती कमी, ओल कमी, तिथलं गवत आधी पिवळं पडतं. जुना चर असेल तर उलट, तिथे गवत हिरवं टिकतं. इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थला २०१८च्या कडक उन्हाळ्यात १६९९च्या बागेचे वाफे आणि वाटा असे हिरवळीवर उमटले होते. उंच ओट्यावरून किंवा गच्चीवरून बघा, सपाटीवरून नक्षी जुळत नाही.

रानजाई

झाडांना पहिल्याच प्रतिसादात मागे टाकलंत, म्हणून त्यांची बाजू मांडते. झाडांवरूनसुद्धा बागेचा काळ ताडता येतो, फक्त उलट्या वाटेने. गुलमोहर मूळ मादागास्करचा, वर्षावृक्ष अमेरिका खंडातला. चारबागेत हे उभे असतील तर ती लागवड नंतरची, पाटीवर ‘मूळ मुघल बाग’ काहीही लिहिलेलं असो. ताजमधली सपाट हिरवळसुद्धा इंग्रजी अमदानीतली आवड. जमिनीची पातळीही बघा. स्पेनमध्ये ग्रानादाच्या खेनेरालिफे या जुन्या बागेत १९५८च्या आगीनंतर उकरलं तेव्हा मूळ वाफे सुमारे अर्धा मीटर खाली निघाले. म्हणजे वाटेवरून चालणाऱ्याला फुलं गालिच्यासारखी पायाच्या पातळीला दिसायची. वाट उंच आणि वाफा वाटेच्या बरोबरीला भरलेला असेल तर भर नंतर पडली असण्याचा संभव मोठा.

वनस्पतिउद्यानातली पाटी: पहिलं नाव कुळाच्या खालचं, प्रजातीचं, दुसरं जातीचं. मध्ये गुणिलेची खूण असेल तर संकर. एकेरी अवतरणात नाव असेल तर माणसाने निवडून जोपासलेला वाण. कोपऱ्यातला लांब आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नसतो, तो नोंदक्रमांक. अनेक उद्यानांत त्याचे पहिले चार आकडे म्हणजे रोप किंवा बी तिथे दाखल झाल्याचं वर्ष. इटलीतल्या पादुआचं वनस्पतिउद्यान १५४५चं, तिथला एक ताड १५८५मध्ये लावलेला अजून उभा आहे.

घेर मोजायचा तर जमिनीपासून १.३ मीटरवर, उतार असेल तर वरच्या बाजूने. तिथेच गाठ किंवा फांदी असेल तर तिच्या खाली, जिथे खोड सगळ्यात बारीक तिथे मोजा आणि उंची लिहून ठेवा. घेर भागिले ३.१४ म्हणजे व्यास. उंचीसाठी काठी पुरते. डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी काठी मुठीच्या वर उभी धरा, हात ताठ. काठीचं टोक शेंड्याला आणि मूठ बुंध्याला टेकेपर्यंत मागे सरका. तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. चुकतं ते दोन ठिकाणी: जमीन उताराची असली तर, आणि पसरट झाडाचा शेंडा समजून जवळची फांदी पकडली तर.

घेरावरून वय काढू नका. ‘पाचशे वर्षांचा वृक्ष’ या पाट्यांवर माझा अजिबात विश्वास नाही. पाणी-माती चांगली असेल तर वर्षावृक्ष शंभरीच्या आत अवाढव्य होतो. वडाचा घेर तर मोजूच नये. हावड्याच्या वनस्पतिउद्यानातल्या महावटाचं मूळ खोड बुरशीने किडल्यामुळे १९२५मध्ये काढून टाकलं, आणि झाड हजारो पारंब्यांवर खुशाल पसरत राहिलं. तिथे पसाऱ्याच्या कडेने पावलं मोजा.

पाटवाट

@रानजाई, मान्य. खेनेरालिफेचा मुद्दा फार मोलाचा.

बाळबोध

काचघरात शिरलं की कॅमेऱ्यावर बाष्प धरतं. पुसलं तरी परत. काय करायचं?

रानजाई

पुसू नका, ओरखडे उठतात. कॅमेरा पिशवीतच, तोंड बंद ठेवून, आत नेऊन दहा-पंधरा मिनिटं थांबा. काच आतल्या हवेएवढी गरम झाली की बाष्प धरत नाही. आत भिंग बदलायचं नाही. वातानुकूलित गाडीतून थेट काचघरात गेलं तर जास्त वेळ लागतो.

आणखी एक, हे महत्त्वाचं. आपल्याकडच्या जुन्या कमानी, घुमट आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असतं. शिरताना वर बघा. खाली धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा, दगड, ड्रोन काही नको. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका. चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या आणखी चवताळतात. तोंड-डोकं कपड्याने झाका आणि सरळ रेषेत बंद खोलीकडे किंवा गाडीकडे पळा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत बसतात. काटा नखाने लगेच खरवडून काढा, कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व. श्वास अडखळला, ओठ-घसा सुजला किंवा अंगभर पित्त उठलं तर एकच माशी चावली असली तरी ताबडतोब दवाखाना.

कोरडा हौद

इंग्लंडच्या जुन्या बागांमध्ये ‘हाहा’ नावाचा प्रकार असतो (नाव खरंच हेच). बंगल्याच्या बाजूने हिरवळ सलग कुरणापर्यंत गेलेली दिसते, मध्ये कुंपण नाही, तरी गुरं आत येत नाहीत. मध्ये चर असतो, बंगल्याकडची कड उभी बांधलेली भिंत, पलीकडची उतरती. बंगल्याकडून तो दिसतच नाही, करामत तीच. फोटो काढताना मागे मागे सरकू नका.

निवांत

जपानी बागांचं राहिलं. तिथे कुठे उभं राहायचं हे बांधणाऱ्याने ठरवून दिलेलं असतं. क्योतोच्या र्योआनजीत १५ दगड आहेत आणि ओसरीवर कुठेही बसलं तरी निदान एक दुसऱ्याआड जातो. तेव्हा एका टोकाला बसून मोजा, मग ओसरीभर सरकत कुठला दगड कधी लपतो ते बघा. फिरत्या बागेत पायदगड मुद्दाम ओबडधोबड आणि आखूड अंतरावर लावतात, म्हणजे नजर खाली राहते. मध्येच एक मोठा, सपाट दगड येतो, त्यावर दोन्ही पाय ठरतात. तिथे मान वर करा, दाखवायचं ते समोर असतं.

बाळबोध

त्या पायदगडांवर मध्येच काळ्या दोरीने बांधलेला लहान दगड ठेवलेला दिसतो. शोभेचा असतो का?

निवांत

नाही, तो सेकिमोरी-इशी. नारळाएवढा किंवा त्याहून लहान दगड, दोरी आडवी-उभी गुंडाळून वर गाठ. अर्थ एवढाच की ही वाट आज बंद, इथून पुढे जाऊ नये. फाट्यावर दोन वाटांपैकी एकीवर असेल तर दुसरीने जायचं. उचलून बाजूला ठेवायचा नाही, ओलांडायचाही नाही.